सहा ते सात आणि वर अकरा मिनिटे

आमच्या सोसायटीच्या तळघरातील सॉनात, म्हणजे सामायिक वाफेच्या खोलीत, शुक्रवारी संध्याकाळी सहा ते सात ही वेळ मिळावी म्हणून मी अकरा वर्षे प्रतीक्षायादीत होतो. ती मिळाली नाही; सात ते आठ मिळाली. सहाची वेळ इर्या आणि वेयो लेहिकोइनेन ह्या दांपत्याकडे एकतीस वर्षे होती, आणि सुओनेनयोकी गावात सॉनाची वेळ माणसाकडून केवळ मृत्यूच काढून घेऊ शकतो, असा सर्वमान्य समज आहे. गेल्या मार्चमध्ये मृत्यू आला. त्याने वेयोला नेले आणि वेळ मात्र इर्याकडे तशीच ठेवली. ही माझी पहिली तक्रार असून ती कोणाकडे नोंदवावी हे मला अद्याप समजलेले नाही.

इर्या बासष्ट वर्षांची आहे. उंची बेताची, दंड पैलवानाचे, केस स्वतःच्या हाताने कापलेले आणि ते तसे दिसतातही. गावात कोणी गेले की दफनानंतरच्या कॉफीची व्यवस्था तिच्याकडे असते. तिचा सँडविचचा केक, म्हणजे पावाचे चार थर, मध्ये धुरावलेला मासा आणि मलई, वर काकडीची फुले, हा खाल्ल्याशिवाय ह्या गावात कोणी रीतसर मेल्याचे मानले जात नाही. मी एकवीस वर्षांपूर्वी स्ट्रॉबेरीच्या रोगांवर संशोधन करण्यासाठी इथे आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका अनोळखी गृहस्थाच्या दफनाला मला नेण्यात आले. इर्याने माझ्या ताटलीत तिसरा तुकडा वाढत विचारले होते, "तू त्याचा कोण?" मी म्हणालो, "कोणीच नाही." ती म्हणाली, "मग अजून एक घे. रडायचं नसलं की भूक जास्त लागते."

वेयो धुराडी साफ करायचा. सोमवार ते शुक्रवार तो गावातल्या छपरांवर असे आणि काजळी त्याच्या बुटांतून घरभर जाई. फक्त गुरुवारी संध्याकाळी तो 'मार्याहाल्ला' नावाच्या हेवी मेटल बँडमध्ये गाई. जूनमध्ये फुलावर आलेल्या स्ट्रॉबेरीवर अचानक पडून सगळे पीक मारणाऱ्या हिमतुषाराचे हे नाव. आमच्या गावात ह्याहून भयंकर नाव सुचणे शक्य नव्हते. बँडचा गिटारवादक राउनो कवळ्या बनवतो आणि आमच्याच इमारतीत, सॉनाच्या बरोबर वरच्या घरात राहतो. ड्रमर बालवाडीत शिक्षक आहे. 'गाई' हा शब्द मी सौजन्यापोटी वापरला. वेयोच्या घशातून जे निघे ते विहिरीत कोसळलेल्या कपाटासारखे असे, आणि देशभरातील जाणकार त्याला उत्तम म्हणत.

चार वर्षे ते एक अल्बम करत होते. त्यातले प्रत्येक गाणे वेयोने गमावलेल्या एकेकासाठी होते: आई, बर्फाखाली गेलेला भाऊ, पहिला मालक, कुत्रा. इर्याने हिशेब लावून त्याला छेडले होते, "आईला चार मिनिटं आणि कुत्र्याला नऊ?"

"कुत्रा माझ्या अंगावर कधी ओरडला नाही," वेयो म्हणाला.

"मग मी गेल्यावर मला किती देशील?"

"तू? तू आधी जा तर."

आठव्या गाण्याचे संगीत तयार झाले, ध्वनिमुद्रित झाले, पण शब्द नव्हते. राउनो घाई करी तेव्हा वेयो म्हणे, "अरे, कोणी मरेना. मी काय करू?" मार्चमधल्या एका सकाळी बाहेर उणे सत्तावीस होते. त्यामुळे वेयोने बूट दाराबाहेर घालण्याऐवजी आतल्या गालिच्यावर बसून घातले. स्वयंपाकघरातून इर्या ओरडली, "वेयो, बूट बाहेर!" हे ती एकतीस वर्षे दररोज ओरडत आली होती. उत्तर आले नाही. ते नेहमीच येत नसे, म्हणून तिने कॉफी ओतून घेतली, प्याली, आणि मग बाहेर आली. एक बूट घातलेला होता, दुसऱ्याची नाडी त्याच्या हातात होती.

इथे अशी रीत आहे की शवपेटीपाशी एकेकाने जायचे, फुले ठेवायची आणि फुलांसोबतच्या चिठ्ठीवर जे छापलेले असेल ते मोठ्याने वाचायचे. इर्याने ही चिठ्ठी शेकडो वेळा ऐकली होती. गावातला फुलवाला गेली कित्येक वर्षे त्याच चार ओळी देतो. ती पुढे गेली. तोंड उघडले. आवाज आला नाही. फुसफुसही नाही. सगळे चर्च शांतपणे थांबून राहिले, कारण इथे कोणी कोणाला घाई करत नाही, आणि माझ्या घड्याळाप्रमाणे तीन मिनिटांनी तिने चिठ्ठी कोटाच्या खिशात घातली व जागेवर येऊन बसली. मग तिने स्वतःच्या नवऱ्याच्या दफनाचा केक स्वतः कापला. त्यानंतर तीन आठवडे ती कुजबुजण्यापलीकडे बोलू शकली नाही.

पुढचे तिने मला नंतर सांगितले. एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी ती सहा वाजता सवयीने सॉनात गेली, वरच्या बाकावर बसली, तापलेल्या दगडांवर पाणी टाकले, आणि रिकाम्या बाकाला सवयीनेच विचारले, "बूट बाहेर काढलेस ना?" शब्द बाहेर पडले ते वेयोच्या आवाजात. पोटाच्या तळातून आलेली, लाकडी भिंतींना कंप सुटेल अशी ती डरकाळी ऐकून इर्या बाकावरून खाली पडली. नितंब शेकले गेले. मग ती इतकी हसली की तिला पुन्हा वर चढता येईना. वर चढल्यावर तिने पुन्हा करून पाहिले. पुन्हा आली.

त्याच संध्याकाळी तिने ठरवले: आठवे गाणे आपले. जी चिठ्ठी वाचता आली नाही ती आता ह्या आवाजात वाचायची. अडचण एवढीच होती की राउनोने तोपर्यंत कुओपिओ शहरातल्या एका गायकाला जूनच्या दुसऱ्या शनिवारी बोलावून ठेवले होते, आणि इर्याने राउनोला काही सांगितले नाही. "आधी नीट यायला तर हवं," असा तिचा युक्तिवाद. शिवाय तो सॉनाच्या डोक्यावरच राहतो. त्याला ऐकू येतच असणार. आवडले तर बोलेल.

राउनो बोलला नाही. कोणीच बोलले नाही. कारण, आणि हे समजून घेण्यासाठी ह्या लोकांत पुष्कळ वर्षे काढावी लागतात, संपूर्ण इमारतीने असे गृहीत धरले होते की बिचारी इर्या दर शुक्रवारी सॉनात जाऊन हंबरडा फोडते. दुःखी माणसाला दुःखाबद्दल विचारणे ही इथे घरफोडीच्या खालोखालची असभ्यता. म्हणून त्यांनी विचारले नाही. त्यांनी अन्न ठेवले. पहिल्या शनिवारी इर्याच्या दाराच्या मुठीला वेलदोड्याच्या पावाची पिशवी लटकली. दुसऱ्या शनिवारी तिसऱ्या मजल्यावरच्या त्र्याऐंशी वर्षांच्या हिल्काबाईंनी माशाचे सूप ठेवले. इर्याने निष्कर्ष काढला की गाणे लोकांना आवडते आहे. साहजिकच ती आणखी जोर लावू लागली. साहजिकच अन्न वाढले. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात तिच्या दारात दोन सुपे, राईची भाकर, बटाट्याच्या पोळ्या आणि एक अख्खा धुरावलेला मासा होता, आणि ती जिना उतरून माझ्या दारात उभी होती.

"श्रीपाद, हे घे. फ्रिजमध्ये जागा नाही."

"हे कशाबद्दल?" मी विचारले.

"लोक फार रसिक आहेत रे," ती लाजून म्हणाली.

मला ह्यातले काहीही ठाऊक नव्हते. मला एवढेच ठाऊक होते की शुक्रवारी सात वाजता मी टॉवेल घेऊन दाराबाहेर उभा राहतो, आणि इर्या सात वाजून अकरा मिनिटांनी बाहेर येते. लालबुंद, प्रसन्न, आणि क्षमेचा एक शब्दही न उच्चारता. एक अख्खा महिना अकरा मिनिटे. ह्याशिवाय, मी घरी बसलेलो असताना तळघरातून येणारा आवाज. तो मानवी असेल असे मला वाटणे शक्य नव्हते. मी देखभाल करणाऱ्या माणसाला दोनदा बोलावले. त्याने गटाराची जाळी उघडून आत पाहिले, "स्वच्छ आहे," म्हणाला आणि जाताना इर्याच्या दारावर केळी लटकवून गेला. तेव्हा मी लेखी तक्रार केली. तिचा दुसरा परिच्छेद इथे उद्धृत करतो, कारण तो पुढे माझ्या परवानगीशिवाय छापला गेला:

"तुंबलेल्या गटारात एखादे अवजड जनावर अडकले असून ते बाहेर येण्यास नकार देत असावे, असा ध्वनी येतो. सदर ध्वनी जमिनीखालून सुरू होऊन ऐकणाऱ्याच्या फासळ्यांपर्यंत पोचतो, व त्यामुळे त्यास विनाकारण आपल्या मृत आप्तांची आठवण होते. कृपया गटार त्वरित साफ करावे."

अध्यक्ष आहती निवृत्त बसचालक आहेत आणि नियमाने चालतात. त्यांनी गुरुवारी संध्याकाळी कपडे वाळवण्याच्या खोलीत विशेष सभा बोलावली. चौदा माणसे जमली, कॉफी झाली, वरच्या दोरीवर कोणाच्या तरी चादरी होत्या. आहतींनी तक्रार वाचली. सगळे आपापल्या चपलांकडे पाहत होते.

शेवटी हिल्काबाई म्हणाल्या, "ते गटार नाही. ती आपली इर्या आहे. पोर रडते."

पंखा फिरल्यासारख्या सगळ्या माना भिंतीशी बसलेल्या इर्याकडे वळल्या.

"कोण रडतंय?" इर्याने विचारले.

"तू, बाळ. दर शुक्रवारी."

"मी? मी गात होते!"

"गात?" आहतींनी हे टिपणात लिहिण्यासाठी पेन उचलले आणि पुन्हा खाली ठेवले.

"मग सूप कशाला ठेवत होतात?"

"तू रडत होतीस म्हणून!"

"मला वाटलं, तुम्हाला आवडतंय! म्हणून तर मी जोर लावला!"

"आणि तू जोर लावलास म्हणून मी दोन पातेली करायला लागले," हिल्काबाई कडाडल्या. "त्र्याऐंशी वर्षं वय माझं! मासे सोलून सोलून बोटं गेली!"

प्रथम कोण हसले ते सांगता येणार नाही. ड्रायरच्या मागून एक फुसका आवाज आला, मग आहतींचे खांदे हलू लागले, मग चादरीचा आधार घेतलेली एक बाई चादरीसकट खाली बसली. इतक्या लोकांना एकाच वेळी हसताना मी ह्या देशात पूर्वी पाहिले नव्हते. इर्या डोळे पुसत मला म्हणाली, "आणि तू, मेल्या, माझा आवाज गटारासारखा?"

"तुंबलेल्या," मी दुरुस्ती केली.

एकटा राउनो हसत नव्हता. तो उभा राहिला. "परत वाच तो परिच्छेद," तो आहतींना म्हणाला. त्यांनी वाचला. "फासळ्यांपर्यंत," राउनो पुटपुटला. "इतकं चांगलं आमच्याबद्दल आजवर कोणी लिहिलेलं नाही. आणि मी गाढव! तीस वर्षं हाच आवाज ऐकतोय, डोक्यावर राहतोय, आणि उशी कानावर घेऊन झोपत होतो, की बाईला एकटीला रडू दे." तो इर्याकडे वळला. "कुठलं गाणं?"

"आठवं."

"शब्द?"

"आहेत."

"मग म्हण. आत्ता."

इर्या उभी राहिली. तिने खिशातून ती फुलवाल्याची चिठ्ठी काढली. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने काहीतरी लिहिले होते. सगळी माणसे समोर, हातात कागद. तिने तोंड उघडले आणि चर्चमध्ये झाले तेच झाले. काहीही आले नाही. हसणे जागच्या जागी विरले.

"शनिवारी तो कुओपिओचा येतोय, इर्या," राउनो हलक्या आवाजात म्हणाला. "स्टुडिओ त्याच दिवसाचा आहे. नंतर अल्बम छापायला जातो."

"मला सॉनातच जमतं," ती कुजबुजली. आवाज पुन्हा गेला होता.

"मग उद्या. सहाला. माइक मी तिथे आणतो. नाही जमलं तर तो गाईल, आणि तू काही बोलायचं नाहीस."

"एक तासात नाही व्हायचं," ड्रायरच्या मागून कोणीतरी म्हणाले. "माइक लावण्यातच अर्धा जाईल."

ह्यावर ती सगळी माणसे, कसलीही असभ्यता न करता, काहीही न विचारता, माझ्याकडे पाहू लागली.

मी अकरा वर्षे प्रतीक्षायादीत होतो, हे मी सभेच्या निदर्शनास आणून दिले. त्यांनी मान डोलावली. सात ते आठ ही वेळ मी स्वखुशीने स्वीकारलेली नव्हती, हेही आणून दिले. त्यांनी पुन्हा मान डोलावली. अखेरीस मी संमती दिली, लेखी दिली, आणि तीन अटींवर: बाकावर साबण सांडायचा नाही, हे उदाहरण म्हणून पुढे वापरायचे नाही, आणि तापमान ऐंशी अंशांच्या खाली जाऊ द्यायचे नाही, ज्याची देखरेख मी जातीने करीन. तिसरी अट मी का घातली असे मला पुष्कळांनी विचारले आहे. माझा तास होता. थंड सॉनात तो वाया जाताना पाहणे मला मंजूर नव्हते.

शुक्रवारी राउनोने दोन माइक वेयोच्या लोकरी मोज्यांत गुंडाळून दाराच्या फटीत टांगले. इर्या जुन्या आंघोळीच्या पोशाखात वरच्या बाकावर, एका कानात संगीताची तार, हातात चिठ्ठी. मी टॉवेलानिशी खालच्या बाकावर, पाण्याची बादली आणि पळी घेऊन. संगीत सुरू झाले. ती गायली नाही. राउनोने पुन्हा सुरू केले. तिने तोंड उघडले, मिटले. पाचव्यांदा, सहाव्यांदा. सात वाजून गेले. माझा तास चालू झाला. दाराच्या काचेतून राउनोचा चेहरा दिसत होता. त्याने मान खाली घातली आणि यंत्राकडे हात नेला.

तेवढ्यात माझे लक्ष तापमापकाकडे गेले. बासष्ट! दार उघडे ठेवल्याने सगळी उष्णता बाहेर गेली होती.

"ही अटींची उघड पायमल्ली आहे," मी म्हणालो, आणि दगडांवर लागोपाठ तीन पळ्या पाणी ओतले.

वाफेचा लोट फुत्कारत छताला गेला आणि तिथून इर्याच्या डोक्यावर कोसळला. चिठ्ठी तिच्या हातातून निसटली आणि ओल्या फळ्यांना चिकटली. "अरे श्रीपाद, मेल्या, भाजलंस की रे मला," इथपर्यंत तिचा स्वतःचा आवाज होता. त्यापुढे तो खाली गेला, बाकाखाली, फरशीखाली, आणि वर आला तेव्हा मोज्यांतले माइक हलताना मी पाहिले.

"बूट बाहेर! वेयो! बूट बाहेर!"

ती नऊ मिनिटे गायली. कागदाशिवाय. काजळी गालिच्यावर आहे. तुझा रुमाल मशीनमध्ये राहिला. मी आधी कॉफी प्याले. मी आधी कॉफी प्याले, वेयो, मला माहीत नव्हतं. बूट बाहेर. कुत्र्याइतकी मिनिटे तिने मोजून घेतली, एक सेकंदही कमी नाही. संपले तेव्हा ती हसत होती की काय करत होती ते वाफेत मला दिसले नाही, आणि मी विचारले नाही. एकवीस वर्षांत एवढे तर शिकलो आहे. मी आणखी एक पळी टाकली.

कुओपिओच्या गायकाला शनिवारी इर्याने केक खाऊ घालून परत पाठवले. त्याने चार तुकडे खाल्ले.

जुलैतल्या स्ट्रॉबेरीच्या जत्रेत मार्याहाल्ला मंचावर आला. सूर्य लखलखीत, चौकात हजारभर माणसे, प्रत्येकाच्या हातात स्ट्रॉबेरीचा खोका. दफनाच्या कॉफीला घालते तो काळा पोशाख आणि पांढरा एप्रन घालून इर्या पुढे आली. तिचा केक न खाल्लेले असे त्या चौकात कोणी नव्हते. प्रत्येकाच्या कोणा ना कोणाला तिने काकडीच्या फुलांनी निरोप दिला होता. तिने पहिली डरकाळी फोडली तेव्हा पुढच्या रांगेतल्या पाद्रीबाईंच्या हातातला खोका उडाला. दुसऱ्यांदा 'बूट बाहेर' आले तेव्हा चौक तिच्याबरोबर ओरडला. तिसऱ्यांदा कोणीतरी खरोखरच बूट काढून हवेत धरला, मग दहा, मग शेकडो: रबरी, चामडी, लहान मुलांचे, हिल्काबाईंची लोकरी चप्पल. आहतींनी दोन्ही पादत्राणे दोन्ही हातांत घेतली होती आणि मोज्यांवर उड्या मारत होते. त्या चौकात, ज्या थोर शांततेबद्दल हा देश प्रसिद्ध आहे ती शोधूनही सापडली नसती. माझे मोजे स्ट्रॉबेरीच्या चिखलात कायमचे खराब झाले, ह्याची नोंद मी इथे करून ठेवतो.

अल्बमच्या वेष्टनावर माझ्या तक्रारीचा दुसरा परिच्छेद छापलेला आहे आणि शेवटच्या पानावर, वादकांच्या खाली, 'वाफ: श्रीपाद' असे आहे. आडनाव गाळले आहे. ह्याबद्दलचे पत्र मी बँडला पाठवले असून राउनोने ते फ्रेम करून कवळ्यांच्या दुकानात लावले आहे.

शुक्रवारी इर्या अजूनही सात वाजून अकरा मिनिटांनीच बाहेर येते. मी घड्याळ दाखवतो. ती म्हणते, "लिहून दे."

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी तिने आतल्या गालिच्यावर मार्चपासून तसेच पडून असलेले वेयोचे बूट उचलले, एकाची सुटलेली नाडी बांधली आणि दोन्ही दाराबाहेर, जिन्याच्या चौकात ठेवले. काजळी फरशीवर सांडते. नियमावलीच्या नवव्या कलमाप्रमाणे जिन्यात पादत्राणे ठेवण्यास सक्त मनाई आहे. ते कलम माझ्याच तक्रारीवरून घालण्यात आले होते. परवा आहती टिपणवही घेऊन माझ्या दारात आले, घसा खाकरला आणि वर, तिच्या मजल्याकडे बोट केले.

"ते बूट," ते म्हणाले. "तुझी तक्रार असेल ना?"

"कुठले बूट?" मी म्हणालो.